रुळांकडे तोंड केलेल्या इमारती

बुलढाणा जिल्ह्यातली मुंबई–नागपूर रेल्वे सगळी घाटाखाली आहे. जिल्ह्याचे ठाणे घाटावर, चिखली, मेहकर, लोणार घाटावर, आणि लोहमार्ग मात्र खाली पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून खामखेड, मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा पूर्वेकडे निघून जातो. जलंबहून एक छोटा फाटा दक्षिणेला खामगावला जातो आणि तिथेच संपतो. एवढ्याशा पट्ट्यात, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, काही जुन्या इमारती अजून उभ्या आहेत. विटांच्या उंच भिंती, वर पन्हळी पत्रा, एखादे धुरांडे, पुढे ऐसपैस मोकळे आवार. गावातली माणसे त्यांना जिन म्हणतात, प्रेस म्हणतात. हे पुस्तक त्यांच्या छायाचित्रांचे आहे. स्टेशनांवरचे मालधक्के, जवळची गोदामे आणि गवतात हरवलेले सायडिंगचे तुकडे यांनाही त्यात जागा आहे, कारण त्यांच्याशिवाय जिनाची गोष्ट अर्धीच राहते.

कॅमेरा घेऊन अशा आवारात शिरले की फाटकावरचा राखणदार बहुधा एकच प्रश्न विचारतो, "जागा पाहाले आले का भाऊ?" त्याचे चुकत नाही. गाव वाढत वाढत स्टेशनापाशी आले, आणि एके काळी गावाबाहेर असलेली ही आवारे आता भर वस्तीत मोक्याची झाली. तिथे आज जो माणूस नजर लावून उभा राहतो, तो प्लॉट पाडायलाच आलेला असणार, असे त्याला वाटते. फोटो काढायचे आहेत म्हटल्यावर तो पुन्हा विचारतो, "याचे कशाले?" ही प्रस्तावना त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

रेल्वेकाठच्या अशा कामकरी इमारतींकडे जगात लोकांनी फार आस्थेने पाहिले आहे. उत्तर अमेरिकेत त्या इमारती धान्याच्या. जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने १८४२ साली बफेलो शहरात वाफेवर चालणारा पहिला धान्याचा एलिव्हेटर उभारला. पट्ट्याला डबे बांधून धान्य उंचावर न्यायचे, उभ्या कोठारांत साठवायचे आणि गाडी आली की त्याच्याच वजनाने खाली सोडायचे, एवढी ती युक्ती. रेल्वे पश्चिमेकडे सरकत गेली तसे हे एलिव्हेटर तिच्याबरोबर गेले. १९३०च्या दशकात एकट्या पश्चिम कॅनडात ते सुमारे ५,७०० होते. सपाट माळावर गावाआधी एलिव्हेटर दिसायचा आणि त्याच्या अंगावर गावाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेले असायचे. वास्तुकार वाल्टर ग्रोपियसने १९१३ साली अशा कोठारांची छायाचित्रे छापली, ल कोर्ब्युझिएने १९२३च्या आपल्या पुस्तकात ती पुन्हा घेतली आणि नव्या वास्तुकलेला त्यांचा दाखला दिला. पुढे जर्मनीच्या बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने कोळशाच्या खाणी, पाण्याच्या टाक्या, भट्ट्या यांच्यासारखेच एलिव्हेटरही एकाच शिस्तीने टिपले: ढगाळ उजेड, समोरासमोरचा कोन, माणूस नाही, सावली नाही. अमेरिकेच्या फ्रँक गोल्कीने एलिव्हेटरभोवतीचा रिकामा माळ चित्रात ठेवला आणि एवढी उंच वस्तू एवढ्या पसरट प्रदेशात का उभी राहिली, हे विचारले. १९९२ साली त्याचे या विषयावरचे पुस्तक निघाले.

आपल्याकडे असे एलिव्हेटर नाहीत, आणि त्याला कारण आहे. आपले धान्य पोत्यातून चालते. हमालाच्या पाठीवरून ते बंडीत, बंडीतून धक्क्यावर, धक्क्यावरून वाघिणीत जाते. वऱ्हाडातल्या जुन्या घरांनी ज्वारी उंचावर नेली नाही, उलट जमिनीत पेव खणून पुरली. शिवाय घाटाखालच्या काळ्या जमिनीतून रेल्वेने जे मुख्यतः बाहेर नेले ते धान्य नव्हतेच. तो कापूस होता. म्हणून या जिल्ह्यात लोहमार्गाकाठची उंच इमारत शोधायची तर ती कापसाच्या प्रेसची सापडते.

प्रेसघर उंच का, हे कळले की त्याचे छायाचित्र कुठून घ्यायचे हेही कळते. वेचून आलेल्या कापसात रुई आणि सरकी एकत्र असतात. शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण चौतीस किलो. बाकी जवळजवळ सगळी सरकी, थोडी घट. हे वेगळे करण्याचे काम जिनघरात होते. लांबट, बसक्या दालनात रेच्यांची रांग असते. प्रत्येक रेच्यात चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले दोन रोलर फिरतात आणि प्रत्येकाला खेटून एक पक्के बसवलेले पाते असते. चामड्याच्या खरबरीत अंगाला तंतू चिकटतो आणि पात्याखालून पलीकडे ओढला जातो. सरकी जाड, तिला त्या फटीतून वाट नसते. दुसरे एक हलते पाते तिला ठोकर देते, ती सुटते आणि जाळीतून खाली पडते. रोलरवर मळसूत्री खाचा पाडलेल्या असतात. त्या झिजल्या की रोलर काढून पुन्हा पाडाव्या लागतात. या पुस्तकात एका रोलरचे छायाचित्र पानभर छापले आहे. त्याच्या एका टोकाच्या खाचा धारदार आहेत आणि दुसऱ्या टोकाच्या बोटाला लागणारही नाहीत इतक्या गुळगुळीत. कापूस टाकणारा हात कुठल्या बाजूला जास्त जात होता, ते त्या कण्यावरच्या चामड्याने लिहून ठेवले आहे.

सुटलेली रुई हलकी आणि भुसभुशीत. ती तशीच वाघिणीत भरली तर वाघीण भरते, वजन भरत नाही. मुंबईचे भाडे आणि पुढे जहाजातली जागा, दोन्ही परवडायची तर रुई दाबलीच पाहिजे. जुन्या प्रेसमध्ये दाबायची पेटी उभी असे. वरच्या मजल्यावरून तिच्यात रुई टाकायची, माणसांनी आत उतरून ती पायांनी तुडवायची, मग पाण्याच्या दाबावर चालणारा दट्ट्या तिला आवळायचा. लोखंडी पट्ट्या बसल्या, तागाचे कापड शिवले, की गठाण तयार. आज प्रमाण गठाण १७० किलोची धरतात, म्हणजे एका गठाणीत पाच क्विंटल कापसाची रुई जाते. पेटी उभी म्हणून तिच्याखाली खोल खड्डा लागतो, तिच्यावर मजला लागतो आणि त्या मजल्यावर रुईचा ढीग व माणसे मावतील एवढी जागा लागते. भिंती उंच झाल्या त्या यामुळे. एलिव्हेटर धान्य वर नेऊन खाली सोडतो, प्रेसघर रुई वर नेऊन खाली दाबते. शोभेसाठी त्यात एकही वीट नाही, आणि तरी मलकापूर ते शेगाव या टापूत यापेक्षा नेटकी बांधणी मला दिसलेली नाही.

हा कापूस रेल्वेच्या आधीही बाहेर जात होता. लमाणांच्या बैलांवर लादून तो उत्तरेला गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत, सुमारे पाचशे मैल. वाटेत पाऊस लागला तर भिजे, धूळ बसे, आणि नदीपाशी पोचेपर्यंत हंगाम उलटे. मुंबईकडे पहिला मोठा माल पाठवण्याचे श्रेय वऱ्हाडच्या जुन्या नोंदी विकाजी–पेस्तनजी या पारशी पेढीला देतात: साल १८२५–२६, पाचशे बैल, एक लाख वीस हजार पौंड कापूस. एका बैलाच्या पाठीवर दोनशे चाळीस पौंड पडले. घाट उतरताना तो बैल कसा चालला असेल, याचे चित्र कुणी काढून ठेवलेले नाही.

मग अमेरिकेत १८६१ साली यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडवर वळली. वऱ्हाड तेव्हा निजामाकडून १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात आलेले होते. भाव चढले, पेरा वाढला. १८६५ साली यादवी संपली तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची रेल्वे अजून नागपूरला पोचलेली नव्हती; ती पोचली १८६७ साली. म्हणजे तेजी ज्या काळातली, रुळांचा पुरा उपयोग त्या काळाला झालाच नाही. पण रूळ राहिले, आणि त्यांनी पुढची शंभर वर्षे कापसाला वाट दिली. खामगावची बाजारपेठ तेव्हा देशातल्या मोठ्या कापूसपेठांत मोजली जाई, आणि मुख्य मार्ग मात्र तिला बगल देऊन जलंबवरून गेला होता. म्हणून जलंब ते खामगाव असा आठ मैलांचा, म्हणजे तेरा किलोमीटरचा, फाटा सरकारने टाकला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खामगावला आला होता. तेरा किलोमीटरच्या रुळासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय येतो, यावरून त्या रुळावरून काय जाणार होते आणि कुणाला हवे होते, हे समजावे.

स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी १८५१ साली एकाच वेळी सुरू झालेली व्होल्कार्ट ब्रदर्स ही पेढीही खामगावात कापूस घ्यायला उतरली. या पेढीचे नाव आज आपल्याला निराळ्या वाटेने माहीत आहे, कारण टाटांबरोबर १९५४ साली तिने काढलेली कंपनी म्हणजे व्होल्टास. स्वेन बेकर्ट या इतिहासकाराने 'एम्पायर ऑफ कॉटन' या २०१४च्या ग्रंथात कापसाचे साम्राज्य सांगताना खामगावची दखल घेतली आहे. मँचेस्टर, लिव्हरपूल, न्यू ऑर्लीन्स यांच्या जोडीला घाटाखालचे आपले गाव जगाच्या इतिहासात येते, आणि त्याच गावातली जिनघरे एकामागून एक पाडली जात असताना त्यांची साधी चित्रयादीही आपण केलेली नाही. हे पुस्तक करण्याची घाई मला त्यामुळे झाली.

आता या छायाचित्रांतून मला जे म्हणायचे आहे ते. प्रत्येक जुन्या जिनाला दोन तोंडे आहेत. एक रस्त्याकडचे. तिथे फाटक, वजनकाटा, दिवाणजीची खोली, आणि बंड्या उभ्या राहायला जागा. दुसरे रुळांकडचे. तिथे गठाणींचा ओटा आणि पुढे मालधक्का. कास्तकार पहिल्या तोंडातून आत येतो, काट्यावर कापूस घालतो, कडता कापून घेतो आणि त्याच फाटकातून रिकामी बंडी घेऊन परत जातो. रुळांकडचे तोंड त्याला बघायला मिळत नाही. त्या दोन भिंतींच्या मध्ये त्याच्या कापसाची रुई होते, रुईची गठाण होते, गठाणीला भाव फुटतो, आणि तो भाव मुंबईत, कधी लिव्हरपुलात ठरतो. ज्याने पऱ्हाटी लावली, निंदली, सीतादहीची पूजा करून वेचणीला सुरुवात केली, त्याचा संबंध काट्यापाशी संपतो. इमारतीच्या रचनेतच हे पुरते भरलेले आहे. म्हणून या पुस्तकात शक्य तिथे एकाच जिनाची दोन छायाचित्रे समोरासमोर दिली आहेत, डावीकडे रस्ता, उजवीकडे रूळ. मधली शिवण म्हणजे जिनघराची जाडी, असे वाचकाने समजावे.

बांधणारांचा कल कुठे होता, हेही अशी जोडी पाहिली की लगेच दिसते. कमानी, विटांची नक्षी, साल कोरलेला दगड, हे सारे बहुधा फाटकाच्या बाजूला आहे. रुळांकडची बाजू सपाट, रुंद दरवाज्यांची, कामापुरती. आणि तरीही इमारत मांडली आहे ती रुळांच्या सोयीने. तिची लांबी रुळांना समांतर, तिचा ओटा वाघिणीच्या तळाच्या उंचीचा. सजावट गावासाठी केली आणि मोजमाप रेल्वेचे घेतले.

काट्यापाशी संबंध संपण्याचे हे दुखणे कॅनडातल्या शेतकऱ्यांनाही होते. एलिव्हेटर कंपन्या वजनात मारतात, प्रत खाली लावतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी संघ काढले, अल्बर्टात १९२३ साली, सस्कॅचेवानमध्ये १९२४ साली, आणि स्वतःचे एलिव्हेटर उभारले व विकत घेतले. आपल्याकडे या प्रश्नाला हात घातला तो आधी कायद्याने. देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ १८८६ साली शेजारच्या कारंज्याला झाली, आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. १९२५च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक प्रेसला तिची खूण ठरवून दिली आणि गठाणीवर ती खूण व क्रमांक छापणे सक्तीचे केले, म्हणजे माल भेसळीचा निघाला तर तो कुठल्या प्रेसचा हे कळावे. या खुणांचे पत्र्याचे छाप जुन्या प्रेसांत कोपऱ्यात पडलेले असतात. त्यांच्या कडांना काळ्या शाईचे थर इतके जाड बसले आहेत की अक्षरे अर्धी बुजली आहेत. मला ते छाप इमारतींइतकेच मोलाचे वाटतात.

मग १९७२ पासून राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि जवळजवळ तीन दशके जिनांची आवारे सरकारी खरेदीची केंद्रे झाली. घाटाखालच्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना जिन आठवते ते या काळातले. रात्र रात्र रांगेत उभ्या बंड्या, बैल सोडून चाकाशेजारी अंथरलेली घोंगडी, ग्रेडरने मूठभर कापूस उचलून ओढून पाहणे, आणि नंतर चुकाऱ्यासाठी घातलेले हेलपाटे. या योजनेची बाजू घेणारे आणि तिला शिव्या घालणारे, दोघेही एकाच गावात भेटतात, कधी एकाच घरात. तिचा हिशेब करायची ही जागा नाही. पण कापसाच्या डोंगरांनी भरलेल्या आवारांचे आणि रांगेतल्या बंड्यांचे त्या काळातले फोटो फार कमी आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. तेव्हा तालुक्याला फोटो स्टुडिओ होते, पण रांगेत उभ्या कास्तकाराचा फोटो काढायला कोण पैसे मोजणार?

जुनी जिने बंद पडली त्याला एकच कारण नाही. रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक कमी करत करत पूर्ण रेक भरणाऱ्या मालाकडे तोंड वळवले, तेव्हा लहान स्टेशनांवरचे मालधक्के ओस पडले. ट्रक आले. मलकापूर, नांदुरा, खामगाव यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा सहा क्रमांकाचा आणि आताचा त्रेपन्न, कापसाला जास्त सोयीचा झाला. २००० साली केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला त्यातून मदत मिळू लागली. नव्या कारखान्यांत कापूस वाऱ्याच्या झोताने नळ्यांतून फिरतो, रेचे आणि प्रेस एकाच छपराखाली असतात, आणि छप्पर महामार्गाच्या कडेला असते. दरम्यान सोयाबीनने जिल्ह्यातला पेरा बदलून टाकला. जिन रुळांवरून रस्त्यावर गेले. नांदुऱ्याला महामार्गालगत हनुमानाची १०५ फुटी मूर्ती उभी आहे. आता लांबून गाव ओळखायचे ते जिनाच्या धुरांड्यावरून नाही, तिच्यावरून.

छायाचित्रणाबद्दल थोडे लिहितो, कारण हे काम पुढे नेणारे कुणीतरी निघावे अशी माझी इच्छा आहे. मुख्य मार्ग इथे जवळजवळ सरळ पश्चिम-पूर्व जातो. त्यामुळे त्याच्या कडेच्या इमारतींच्या लांब भिंती उत्तर आणि दक्षिण दिशांना येतात. दक्षिणेची भिंत हिवाळ्यात दिवसभर तिरप्या उन्हात असते आणि तिची एकेक वीट मोजता येते. उत्तरेची भिंत त्याच दिवसांत सगळा वेळ सावलीत. तिच्यावर ऊन हवे तर उन्हाळ्यात, सूर्य उत्तरेला सरकल्यावर, अगदी सकाळी किंवा अगदी संध्याकाळी जावे लागते. म्हणजे एकाच जिनाची दोन्ही तोंडे नीट उजेडात घ्यायची तर दोन हंगामांत यावे लागते. खामगावचा फाटा मात्र उत्तर-दक्षिण आहे, तिथे एक बाजू सकाळची आणि एक बाजू संध्याकाळची, एका दिवसात काम होते.

पांढऱ्या कापसाचा ढीग चौकटीत भरला की कॅमेऱ्याचे मीटर फसते. त्याला वाटते उजेड फार आहे, आणि ते कापूस राखाडी करून टाकते. एक ते दीड स्टॉप उजेड जास्त द्यावा लागतो. कॅमेरा वर तिरका केला तर प्रेसघराच्या भिंती आत झुकतात. त्यापेक्षा मागे जावे, कॅमेरा सपाट ठेवावा, पुढची जमीन चौकटीत आली तर येऊ द्यावी. ती जमीनही कामाचीच असते. तिच्यावर सरकी सांडलेली असते, चाकोऱ्या असतात. रुळांवर उभे राहून फोटो काढायचा मोह कुणीही धरू नये. रेल्वेच्या हद्दीत परवानगी घ्यावी, आणि परवानगी मिळेपर्यंत हद्दीबाहेरून जे दिसते ते बघावे.

बेखर दांपत्याची शिस्त मला अतिशय प्रिय आहे, पण ती इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यांना हवा असलेला सपाट, बिनसावलीचा उजेड आपल्याकडे मिळतो पावसाळ्यात. तेव्हा जिन बंद असते. आवारात गुडघाभर गवत असते, रेचे झाकलेले असतात. जिन चालते दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, आणि ते दिवस कडक उन्हाचे, काळ्याभोर सावल्यांचे. म्हणजे एक तर शिस्तीचा उजेड घ्यावा आणि रिकामी इमारत घ्यावी, नाही तर कठीण उजेड घेऊन चालते काम घ्यावे. मी दुसरे निवडले. बंद पडलेल्या जिनांची छायाचित्रे पुस्तकात आहेतच, पण त्यांच्या शेजारी चालत्या जिनांची घातली आहेत, म्हणजे या रिकाम्या दालनात काय भरलेले असायचे ते वाचकाला दिसेल. पडक्या भिंतीवर उगवलेल्या पिंपळाचे छायाचित्र सुंदर येते, त्यासाठी फार कष्ट लागत नाहीत. पण जिनघर कळते ते रेचे चालू असताना, जमीन पायाखाली थरथरत असताना आणि हवेत रुईचे कण उडत असताना.

ते कण लेन्सवर बसतात, कॅमेऱ्याच्या आत शिरतात. माणसांच्या छातीतही शिरतात. रेच्यांपाशी काम करणाऱ्यांत बायका पुष्कळ. ओढणी किंवा पदर नाकातोंडावरून घट्ट बांधलेला, भुवया पांढऱ्या झालेल्या. दोन रेच्यांच्या मधल्या अरुंद वाटेने त्या ये-जा करतात, कापूस सारखा करतात, तुंबलेले मोकळे करतात, पडलेले झाडून गोळा करतात. आवाज एवढा की बोलणे खुणांनीच चालते. त्यांच्यापैकी ज्यांनी होकार दिला त्यांचीच छायाचित्रे इथे आहेत, आणि कुणाचेही नाव छापलेले नाही. एकीने मला चेहऱ्याऐवजी हातांचा फोटो काढायला लावला. बोटांच्या पेरांना वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी पडलेले ओरखडे होते, म्हणजे शेतातला कापूस आणि जिनातला कापूस दोन्ही तिच्याच हातून गेलेला. तो फोटो पुस्तकाच्या मध्यावर आहे.

जिनात आगीची धास्ती कायम असते. विडी-माचिस फाटकावर काढून ठेवावी लागते, वाळूच्या बादल्या आणि पाण्याचा हौद हाताशी असतो. आवारे एवढी ऐसपैस का, याचे एक कारण हेच. एका ढिगाला लागली तर दुसऱ्याला लागू नये. मी आत फ्लॅश वापरला नाही. जो उजेड छपराच्या काचांतून आणि दारांतून येतो तेवढ्यावर काम केले, आणि त्यामुळे काही चित्रांत चालते हात धूसर आले आहेत. ते तसेच ठेवले.

पुस्तकाची मांडणी गाडीच्या वाटेने आहे: मलकापुरापासून सुरुवात, मग नांदुरा, जलंब, तिथून फाट्याने खामगाव, परत जलंब आणि शेवटी शेगाव. खामगावला सर्वांत जास्त पाने दिली आहेत, त्याच्या वाट्याचा कापूसही तेवढाच होता. खामगावपासून जालन्यापर्यंत रूळ पुढे न्यावेत, ही घाटावरच्या लोकांची मागणी शंभर वर्षांपासूनची आहे. ती पुरी झाली असती तर घाटावरच्या गावांतही अशा इमारती उभ्या राहिल्या असत्या आणि हे पुस्तक दुप्पट झाले असते. शेजारच्या मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे गेलेल्या अरुंद रुळांच्या 'शकुंतला' रेल्वेकाठची जिने मी मुद्दाम घेतलेली नाहीत; त्यांचे स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे आणि ते तिकडच्या माणसाने करावे.

एक मागणे आहे. घाटाखालच्या पुष्कळ घरांत जिनाशी जोडलेले काही ना काही असणार. खंडेनवमीला यंत्राची पूजा करून मालक, मिस्त्री, हमाल यांचा एकत्र काढलेला फोटो, एकाधिकारच्या काळातली खरेदीची पावती, एखादा खुणेचा छाप, जुनी खतावणी. ती कुणाला देऊन टाकू नका आणि रद्दीत तर घालूच नका. फोटो असेल तर सावलीत, सपाट ठेवून, मोबाइलने का होईना, त्याची नक्कल करून ठेवा. घरातल्या थोरल्या माणसाला समोर बसवून त्यातल्या प्रत्येकाचे नाव विचारा, कोण रेच्यावर होता, कोण बॉयलरवर, कोण काट्यावर, ते विचारा. आणि फोटोच्या मागे गाव, साल आणि डावीकडून उजवीकडे नावे, पेन्सिलीने लिहून ठेवा; पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते.